टेंभुर्णीचा धूर

आमच्या फ्लाइंग क्लबात एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. एकट्यानं लांबच्या फेरीवर गेलेला विद्यार्थी वाट चुकला, की त्याचं उडणं बंद. त्यानं आपली सायकल घ्यायची आणि घरचा रस्ता धरायचा. आमचे शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, करवती आवाजाचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते म्हणत, "विमान आपटलं तर मी दुरुस्त करून घेईन. वाट चुकणारा माणूस मला दुरुस्त करता येत नाही."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी औरंगाबादला विज्ञान शाखेत शिकत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते आणि सकाळी सकाळी सायकल मारत चिकलठाण्याच्या विमानतळावर जात होते. शिकाऊ वैमानिकांना सरकारकडून जी मदत मिळे, ती त्या वर्षी आमच्या क्लबात एकाच जागेला होती आणि ती जागा माझ्याकडे होती. मदत गेली की माझं उडणं गेलं, कारण खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला मुलीला विमान शिकवणं कुठून झेपणार? माझ्या मागे त्या जागेसाठी मुलं टपून बसलेली. त्यातला एक रोज मोठ्या मायेनं विचारायचा, "काय, अजून आहेस का?" मीही तितक्याच मायेनं सांगायचे, "तुझ्या नाकावर टिच्चून!" माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

थंडी ओसरत आली तेव्हा सरांनी माझी फेरी ठरवली. चिकलठाण्याहून निघायचं, जाफराबादवर वळायचं, तिथून जालना आणि जालन्याहून रुळाच्या कडेकडेनं परत. विमानात मी एकटी. रेडिओ नाही. सोबतीला नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. जाफराबादच्या जरा अलीकडे, बरोबर रेघेवर, टेंभुर्णी होती. म्हणजे माझं गाव.

"सर, ही तर माझ्या गावावरूनच जाते," मी खूश होऊन म्हटलं.

"म्हणूनच दिली. ओळखीच्या मुलखातच माणूस जास्त चुकतो," सर म्हणाले.

त्या रविवारी मी गावी गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, टेंभुर्णीच्या शाळेत गुरुजी होते. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते आणि अण्णा नुकते नोकरीला लागले होते. शिस्तीचा माणूस. शाळेची घंटा ते स्वतःच्या हातानं देत, दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नसे. जेवता जेवता मी फेरीचा दिवस सांगितला, रेघ कुठून कुठं जाते ते सांगितलं आणि वाट चुकले तर काय होईल तेही सांगितलं. माय भाकरी थापता थापता थांबली.

"वरून आपलं घर दिसतंय का गं?" तिनं विचारलं.

"दिसतं, पण सगळीच घरं सारखी दिसतात, माय. मातीची धाबी, मातीचाच रंग. गावागावात फरक कळत नाही."

"मंग जाशील की दुसऱ्याच गावाला."

अण्णांनी ताट बाजूला सारलं. "तसं कसं जाईल? आपण धूर करू. शाळंच्या पटांगणात कापसाच्या पऱ्हाट्या रचू, वरून लिंबाचा ओला पाला टाकू. असा धूर निघंल, की मुंबईहून दिसंल. ज्या गावावर धूर, ते गाव आपलं. बिलकुल चुकायचं काम न्हाई."

"अण्णा, कशाला उगीच?"

"तू इमानाचं बघ, धुराचं मी बघतो. काडी मीच लावणार. आधी लावली तर तू येईस्तोवर इझून जाईल. आवाज आला, इमान डोळ्याला दिसलं, की लगेच काडी. दुसऱ्या कोन्ही हात लावायचा न्हाई."

घंटेसारखंच हेही त्यांनी स्वतःकडे घेतलं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. नकाशावर कितीही विश्वास असला तरी बापानं वाटेत उभं राहून हात केलेला कुणाला नको असतो?

औरंगाबादला आल्यावर मी सरांना धुराचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "धुरावरून गाव ओळखायचं असेल तर मी नकाशा कशाला शिकवला? एसटीत बसून जा की. कंडक्टर गावाचं नाव ओरडून सांगेल." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "ऐक. आधी घड्याळ बघायचं. घड्याळ सांगेल तेवढंच नकाशावर पुढं सरकायचं. आणि सगळ्यात शेवटी जमिनीकडे बघायचं. उलटं केलंस, आधी जमीन बघितलीस, की डोळ्याला जे पाहिजे ते तो नकाशात हुडकून काढतो. मोठमोठे असेच गेले."

तिकडे गावात काय चाललं होतं याचा मला पत्ताच नव्हता. अण्णांनी ही गोष्ट फक्त शाळेतल्या दोघा गुरुजींना सांगितली होती. पण टेंभुर्णीचा आठवडी बाजार म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांचे कान. बाजार उठेपर्यंत बातमी जाफराबादच्या एसटी स्टँडवर पोचली होती. गुरुजींची पोरगी इमान घेऊन येणार. ती पाटलाच्या मळ्यात उतरणार. नाही, उतरणार नाही, वरून पेढे टाकणार. एका म्हाताऱ्यानं तर पेढे मातीत पडू नयेत म्हणून धोतर झेलायला धुऊन ठेवलं होतं म्हणे.

पऱ्हाट्या पाटलांच्या बैलगाडीतून आल्या. याच पाटलांच्या विहिरीवर लहानपणी अण्णा लांब उभे राहून ओंजळीत पाणी मागत. आता त्यांची गाडी आमच्यासाठी शाळेच्या पटांगणात रिकामी झाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. उगीच गोड करून मात्र सांगणार नाही. पाटलांचा धाकटा मुलगा अण्णांच्या वर्गात गणितात गटांगळ्या खात होता, तेही त्या गाडीमागे होतंच.

फेरीचा दिवस उजाडला. आमचं विमान पुष्पक जातीचं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, कापड ताणून बसवलेले पंख, पुढचा पंखा मेकॅनिकनं हातानं फिरवून सुरू करायचा. सरांनी उजव्या खुर्चीचा पट्टा स्वतः बांधून टाकला, म्हणजे रिकामा पट्टा मध्ये लोंबायला नको. सर खिडकीशी वाकले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "नाक पूस," आणि निघून गेले.

टॉवरवरून हिरवा दिवा दिसला आणि मी निघाले.

विमान जमीन सोडतं तेव्हा मला दरवेळी हसू यायचं. त्या दिवशीही आलं. चिकलठाणा मागे पडलं, शेतं सुरू झाली. कापूस निघून गेलेली करडी शेतं, मधूनच हिरवी गव्हाची पट्टी, विहिरींचे काळे ठिपके. सकाळचं धुकट अजून पुरतं विरलं नव्हतं. मी घड्याळ बघत होते, नकाशावर पेन्सिलीनं खुणा करत होते आणि सगळं बरोबर जुळत होतं. मी गुणगुणायलासुद्धा लागले होते.

मग पहिला धूर दिसला.

माझा जीव सुपाएवढा झाला. अण्णा! मी घड्याळ बघितलं. टेंभुर्णी यायला अजून बराच वेळ होता. म्हणजे ही टेंभुर्णी नव्हे. मी नजर वळवली तर डावीकडे दुसरा धूर. त्याच्या पलीकडे तिसरा. उजवीकडे एक, त्यामागे अजून एक. जिकडं बघावं तिकडं गावावर धूर. मी तोंड वासून बघत राहिले. आधी वाटलं, कुठं आगी लागल्या की काय. मग लख्ख कळलं. गुरुजींची पोरगी आपल्यावरूनही जाणार, मग टेंभुर्णीनंच काय म्हणून धूर करावा? प्रत्येक गावानं आपापल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. मला वाट दाखवायला सगळा तालुका उभा राहिला होता, आणि त्यामुळेच मला वाट दिसेना झाली होती.

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी सकाळची कामं टाकली, याचा अभिमान छातीत मावत नव्हता. आणि तोच धूर धुकटात मिसळून जमीन पुसट होत चालली होती.

मी स्वतःवरच ओरडले, "घड्याळ बघ!" एकट्या विमानात ओरडण्याचा फायदा असा, की कुणी ऐकत नाही.

घड्याळ बघितलं, नकाशा बघितला, मग पुन्हा त्या धुरांकडे बघितलं. आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सगळे धूर एकाच बाजूला कलले होते, माझ्या उजव्या हाताला. सकाळी आम्हाला वारा पूर्वेचा सांगितला होता. हा तर वायव्येचा होता आणि मला हळूहळू रेघेवरून उजवीकडे ढकलत होता. कुठलं गाव कुठलं, ते त्या धुरांनी सांगितलं नाही, पण वारा मात्र सगळ्यांनी एका आवाजात सांगितला. मी नाक थोडं डावीकडे घेतलं, नवा हिशेब मांडला आणि होकायंत्राची सुई तिथं धरून ठेवली.

टेंभुर्णीची वेळ जवळ आली तसा उजवीकडे, दोन-तीन कोसांवर, एक धूर उठला. बाकीचे पांढरे, करडे. हा काळाकुट्ट, जाड, गिरणीच्या धुराड्यातून निघावा तसा. शेजारी तळ्याचं पाणीही चमकत होतं. माझ्या मनानं लगेच निकाल दिला. एवढा दांडगा धूर करणार कोण? अण्णाच. मुंबईहून दिसेल म्हणाले होते ना! माझा उजवा पाय आपोआप पेडलवर दाबला गेला आणि विमान वळायला लागलं.

मी नकाशात ते तळं शोधलं. नकाशात तळं नव्हतं. नकाशा जुना होता, आणि आमच्या भागातले पाझर तलाव दुष्काळात आमच्याच लोकांनी खडी फोडून, माती वाहून बांधलेले. म्हणजे तळं असूनही ते मला काहीच सांगत नव्हतं. मग नकाशात ओढा दिसला, तो मी त्या काळ्या धुराशेजारी बघायला लागले आणि अर्ध्या मिनिटात मला ओढा दिसायलाही लागला. तिथं ओढा होता का नव्हता, देव जाणे, पण मला तो हवा होता. तेव्हा सरांचं बोलणं कानात वाजलं. मी आधी जमीन बघितली होती.

पाय उचलला. सुई पुन्हा जागेवर आणली. तो काळा धूर तसाच उजवीकडे सोडून दिला. बापाकडे पाठ फिरवल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ठरलेल्या मिनिटाला खाली एक गाव होतं. त्यावर धूर नव्हता. एक बारीक रेघसुद्धा नाही. आजूबाजूची सगळी गावं धुरात आणि मधलं हे एकच स्वच्छ, कोरडं. या गावात मी जन्मले, इथल्या गल्लीबोळातून अनवाणी फिरले, आणि वरून मला ते ओळखू आलं नाही. घड्याळ म्हणत होतं, ही टेंभुर्णी. मन म्हणत होतं, अण्णांनी शब्द दिला होता, मग धूर कुठं आहे? मी नकाशावर पेन्सिलीनं फुली मारली. ती वाकडी आली.

पुढची काही मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. समोर नुसतं धुकट. जाफराबादजवळचा दोन नद्यांचा संगम दिसला नाही, तर मी चुकले होते. मग जागा गेली, उडणं गेलं आणि "अजून आहेस का" विचारणाऱ्याला उत्तर द्यायला मी तिथं असणार नव्हते. मी सुईवरून डोळे काढले नाहीत. काढले ते घड्याळानं सांगितलं तेव्हाच.

विमानाच्या नाकाखाली दोन नद्या एकमेकींना भेटत होत्या. खेळणा आणि पूर्णा. वाळूचं मोठं पांढरं पात्र, काठावर जाफराबाद, जुन्या किल्ल्याची भिंत. मी एवढ्या जोरानं ओरडले की माझेच कान दुखले. मग त्या संगमावर वळण घेतलं, अगदी डौलात, जसं काही मी जन्मापासून तेच करत आले होते.

जालना गाठायला अडचण आली नाही. रूळ दिसला की मग आंधळासुद्धा औरंगाबादला येईल. मी उतरले, इंजिन बंद केलं. सर हातात चहा घेऊन उभे होते. त्यांनी माझा नकाशा मागितला आणि त्या वाकड्या फुलीवर बोट ठेवलं.

"टेंभुर्णी. धूर दिसला?"

"सगळीकडे दिसला, सर. फक्त टेंभुर्णीवर नव्हता."

"मग ती टेंभुर्णी कशावरून?"

"घड्याळावरून."

"आणि त्या सगळ्या धुरांचं काय केलंस?"

"त्यांच्यावरून वारा बघितला. वायव्येचा होता, आपल्याला पूर्वेचा सांगितला होता."

सरांनी हातातला न प्यायलेला चहा माझ्या हातात दिला. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाले. पण मला कळलं. माझी जागा माझीच राहिली होती. तो टपून बसलेला मुलगा पुढं आला आणि त्यानं स्वतः माझ्या विमानाच्या चाकाला ठोकळे लावले. मी मान ताठ ठेवून चहा प्यायले. एवढा गोड चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही. तो अभिमान होता, आणि तो बाळगायचा मला पुरता हक्क होता.

तरी आत एक काटा सलत होता. ज्या गावांशी माझं नातं ना गोतं, त्यांनी धूर केला आणि माझ्या बापानं नाही. काही बरंवाईट झालं का घरी? की गावानंच ऐन वेळी मोडता घातला? शनिवारी दुपारची एसटी धरून मी गावाकडे निघाले. वाटेत प्रत्येक फाट्यावर माझी ओळख निघाली.

"बाई, आमचा धूर दिसल्ता का?" खिडकीशी येऊन लोक विचारत.

"दिसला की. तुमच्या धुरावरून तर वारा कळला," मी सांगत होते. खरं तेच सांगत होते, त्यामुळे जीभ अडखळली नाही.

माझ्या शेजारी बसलेला एक शेतकरी मिशीवर हात फिरवत म्हणाला, "त्यो काळा धूर आमचा व्हता बरं का. जुनं टायर टाकलं. म्हनलं, बाईला दुरून दिसाया पाह्यजे." त्या टायरनं माझी सगळी विद्या पाण्यात घातली असती. पण तो एवढा खुशीत होता, की मी त्याला हात जोडले.

टेंभुर्णीला उतरले आणि आधी शाळेकडे गेले. पटांगणात पऱ्हाट्यांचा ढीग जसाच्या तसा उभा होता. वरचा लिंबाचा पाला वाळून गेला होता. एक काटकीसुद्धा काळी झालेली नव्हती. माझं डोकं फिरलं. तरातरा घरी आले आणि पिशवी दारातच आपटली.

"अण्णा, अख्ख्या तालुक्यानं धूर केला. आपला का नाही केला?"

अण्णा खाटेवर बसले होते. ते खाली बघून धोतराचं टोक चाचपत राहिले. घंटा चुकलेला गुरुजी मी पहिल्यांदाच बघत होते. माय मात्र पदर तोंडाला लावून हसत होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "सारं गाव जमा झाल्तं. हे काडेपेटी घेऊन हुभे. इमानाचा आवाज आला, इमान दिसलं. लोकं म्हनतेत, गुरुजी, पेटवा. पाटील म्हनतेत, गुरुजी, जल्दी करा. ह्यांचं ध्यानच न्हाई. तोंड वर करून नुसते बघून राह्यले. म्या दंडाला धरून हालवलं तर मलाच म्हनले, गप ऱ्हाय. काडेपेटी कोन्हाला देईनात बी. इमान गेलं निघून, लोकं गेले निघून, हे तिथंच."

"अण्णा?" माझा राग कुठल्या कुठं गेला होता.

त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता, ठणठणीत.

"तू त्या काळ्या धुराकडं वळलीस तवा म्हनलं, गेली पोर. मंग तू पुना सरळ झालीस आन नीट आमच्या डोक्यावरून गेलीस. कोन्हाच्याच धुराकडं बघितलं न्हाई तू." त्यांनी धोतराच्या टोकानं डोळे पुसले. "इतकी वर्षं मी पोरायला फळ्यावर नकाशा काढून दावून राह्यलो, बाई. त्या नकाशावरून कोन्ही चालत आलेलं म्या आजवर पाह्यलं नव्हतं. मंग काडी कोन वढतंय?"